पाय लावला नाही म्हणून

माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो बिथरलेला बैल ओढताना. मग त्याला चटकच लागली. वर्षातून दोन-तीनदा तरी निखळायचा. एकदा तर बनियन काढताना निखळला, आता बोला! पण दवाखान्यात कोण जातो? घरी धाकटा भाऊ होता ना. तो मला भुईवर आडवं करायचा, काखेत टाच रोवायचा आणि हात धरून हळूहळू ओढायचा. खट् आवाज झाला की खांदा जागेवर. मोठ्या माणसाला पाय लागला तर पाया पडायची आमच्या घरची रीत. त्यामुळे मी अजून बोंबलत असायचो आणि हा पठ्ठ्या माझ्या पायांवर डोकं ठेवून मोकळा!

"आधी पाणी दे मले, मंग पाया पड," मी खेकसायचो.

पुढे भावाला नोकरी लागली आणि तो नागपूरला गेला.

आसगावात आमची धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून खालच्या बांधीत, पाण्याने भरलेल्या वाफ्यात फेकायचं काम माझं. बाया वाकून रोवत मागे सरकतात. जुडी बरोबर हाताशी पडली पाहिजे, कोणाच्या पाठीत नाही. यात गावात माझ्या तोडीचा माणूस नव्हता. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्याच रोवणीत एक जुडी जरा लांब फेकली आणि खांदा गेला. जुडी चिखलात, मीही चिखलात. बायको रोवणं टाकून धावत आली.

"काखेत टाच लाव अन् ओढ," मी कण्हत म्हणालो.

ती दोन पावलं मागे सरकली. "नाही जी. नवऱ्याले पाय लावू का मी? पाप कायले घेऊ?"

"अवं, मरून राहिलो ना मी इथं!"

"काहीबी म्हणा. पाय नाही लावत."

बाकीच्या बायांकडे पाहिलं तर त्याही पदर सावरत दुसरीकडे पाहू लागल्या. शेवटी काळीपिवळीत कोंबून तिने मला पवनीला नेलं आणि तिथून एसटीने भंडाऱ्याला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती माझा कोपर मांडीवर धरून बसली होती.

हाडांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन खांदा बसवला आणि फोटो काढले. आजवर कोण बसवत होतं, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत भावाचं नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"ही खांद्याची वाटी," फोटो उजेडाला धरून ते म्हणाले. "हिची कड झिजून गेली. धुरा फुटला तर बांधीत पाणी राहते का? असंच घरी ओढत राहिले असते तर एखादी शीर दुखावून हात लुळा पडला असता."

ऑपरेशन करायचं ठरलं. खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा काढून झिजलेल्या कडेवर स्क्रूने बसवणार होते. मी एकच विचारलं, "जुडी फेकता येईल का?"

"येईल. पण मी सांगतो तसं वागाल तरच."

वागवून घेतलं ते बायकोने. दीड महिना हात झोळीत होता. पायजम्याची नाडीसुद्धा तिनेच बांधायची. नंतर बोटं भिंतीवरून वर चढवायचा व्यायाम आला. जिथवर बोट पोचेल तिथे ती कोळशाने रेघ मारायची. मी वैतागलो की म्हणायची, "किरकिर कायले करता? कालच्याहून दोन बोटं वर गेले न!" त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही. त्या रेघांचे तर त्याहून नाही.

पुढच्या रोवणीला डॉक्टरांनी मोकळीक दिली. धुऱ्यावर उभा राहिलो. सगळ्या बाया थांबून पाहत होत्या. जुडी उचलली आणि फेकली. ती बायकोच्या पुढ्यात पडली, नेमकी हाताशी. खांदा जागेवर होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बरं झालं तुले पापाचं भेव वाटलं," मी ओरडून म्हणालो. "नाहीतर आज लुळा बसलो असतो."

ती तोंडावर उडालेला चिखल पुसत हसली. "पाप कायचं जी? झोपेत रोज माझी लात लागते तुमाले. कधी पाया पडली का मी?"

"मंग त्या दिवशी?"

"मी पाय लावला असता तर तुमी दवाखान्यात गेले असते का?"

मी बांधीत उतरलो, तिच्यापुढे वाकलो आणि उजवा हात पुढे केला.

"अवो, हे काय! बाया पाहून राहिल्या न!"

"पाहू दे," मी म्हणालो. तिचे पाय चिखलात होते, ते चाचपून शोधावे लागले.