उजवीकडून सुरू होणारी पुस्तकं

वामनराव गेल्याची बातमी रहीमचाचांनी आणली तेव्हा मी एका बाईला मांजरपाट मोजून देत होतो. चाचा माझ्याच दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणारे शिंपी. त्यांच्या हातात वाचनालयाची किल्ली होती. "शेठ, वामनराव गेले... कपाटापाशी बसल्या बसल्या गेले." मी मान हलवली. कापड पुरतं मोजलं, फाडलं, घडी करून दिलं आणि मग चपला शोधायला लागलो. महिना उलटला, अजून रडू आलेलं नाही. घरचे म्हणतात, काही तरी बोला. काय बोलू, कपाळ! म्हणून लिहायला बसलो आहे.

मंगरूळच्या आमच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. म्हणजे झाडणारे, कंदील पुसणारे, पुस्तकं शिवणारे आणि वाचकांवर डाफरणारेही तेच. पानावर हळदीचं बोट दिसलं की, "काहून बाप्पा, घरी ताट नाई काय?" असं चारचौघांत विचारत. रहस्यकथांचा त्यांना मनस्वी तिटकारा, पण बाजाराच्या दिवशी अडतीवरची माणसं त्याच मागत, म्हणून नव्या खरेदीत त्या आधी. "हे काय माह्या आवडीचं दुकान हाये?" म्हणत. दरवर्षी दिवाळी झाली की सगळी पुस्तकं अंगणात सतरंज्यांवर उन्हात मांडायची, कसर झटकायची, कपाटात कडुनिंबाचा ताजा पाला घालायचा. वर्षभरात कोणी नेलंच नाही ते पुस्तक बाजूला निघे. वाचनालयाच्या मंडळाच्या सभासदांपैकी कोणी सगळ्यांदेखत "मी वाचतो" म्हणाला तर त्यानं ते घरी न्यायचं आणि पुस्तक राहायचं. नाही तर रद्दी. ग्रंथपालानं मात्र तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला. "मले एकबी टाकवत नाई शेठ, मंग निवड कशी होईन?"

एक कपाट उर्दू पुस्तकांचं होतं, कुण्या जुन्या वकिलाच्या घरून आलेलं. वामनरावांना त्यातलं अक्षर येत नव्हतं. तरी माझ्याकडून मांजरपाटाचे तुकडे नेऊन त्यांनी एकेका पुस्तकाला पाठ लावली, आत वाचनालयाचं नाव नि क्रमांक सुरेख मराठी अक्षरात लिहून चिठ्ठ्या डकवल्या. रहीमचाचा बघायला गेले ते पोट धरून हसतच परतले. उर्दू उजवीकडून सुरू होतं, आणि या माणसानं सगळ्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या शेवटाला चिकटवलेल्या! "वामनराव, तुमी तं सगळ्यायले पालथं निजवलं!" वामनराव असे तापले की आठवडाभर चाचांच्या ओट्यासमोरून गेले नाहीत. मग स्वतःच चिठ्ठ्या डकवायची खळ घेऊन आले. चाचांनी बरोबर बाजूला उर्दूत चिठ्ठ्या लिहिल्या, जुन्या निघेनात म्हणून तशाच राहिल्या. तेव्हापासून दरवर्षी चाचा "मी वाचतो" म्हणत आणि ते कपाट तगत असे.

यंदा चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईत दोरा मी ओवून देतो. वामनराव शेवटचे दुकानात आले ते त्याच काळजीत. "चाचा यंदा नाई म्हणून राह्यले. म्हणे दिसत नाई तं खोटं कायले बोलू? शेठ, मंग कोण बोलीन?" नवी पुस्तकं जमिनीवर पडून होती, सभासदांना कपाट हवं होतं, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी म्हणालो, "बोलीन कोणी तरी. तुमी कायले जीवाले घोर लावून घेता?" वामनराव मांजरपाटाचे तुकडे घेऊन उठले. चहासुद्धा घेतला नाही.

वामनराव वारल्यावर पंधरवड्यानं आम्ही पुस्तकांना ऊन दाखवलं. पाला कोणी आणायचा हेही कोणाला ठाऊक नव्हतं... उर्दू पुस्तकांपाशी मंडळाचे अध्यक्ष थांबले, "हे कोण वाचते?" चाचा खाली बघत होते. मी काही ठरवून गेलो नव्हतो. तोंडून निघालं, "मी वाचतो." एक जण फिस्सकन हसला, "शेठ, तुमाले उर्दू येते काय?" माझं डोकंच फिरलं. "नियमात येते काय असं कुठं हाये? वाचतो म्हनलं ना!" मी उगाचच ओरडलो. पुस्तकं परत कपाटात गेली. एकेक करून घरी न्यायची म्हणून पहिलं मी उचललं, सवयीनं उघडलं, तर चाचांनी ते माझ्या हातात फिरवून दिलं.

आता दुकान आवरलं की चाचा शिंप्याच्या खडूनं मांजरपाटावर मोठाली अक्षरं काढतात आणि मी ती गिरवतो. पाच-सहा अक्षरांपुढे माझी गाडी सरकलेली नाही. वय झालं, डोकं चालत नाही, कधी चिडून मी खडू फेकतोही. पण पुस्तक आता बरोबर बाजूनं उघडतो. पानं नुसती उलटत जातो, एक ओळ कळत नाही... आणि शेवटाला वामनरावांची ती चुकलेली चिठ्ठी येते. त्या अख्ख्या पुस्तकात तेवढंच मला वाचता येतं.