प्रेमदासनं चालू ठेवलेली ओळ

प्रेमदास माझी वाट बघून बघून गेला.

हार्टअटॅक आला, नांदेडला नेईपर्यंत संपलं, असं सगळे सांगतात. ते बराबरच आहे. पण मला विचाराल तर पहिलं वाक्यच खरं.

आज वर्ष झालं. गेल्या वर्षी काहीच लिहिलं नव्हतं. लिहायला तोंड नव्हतं.

प्रेमदास वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा, मी वसमतचा. कॉलेज संपल्यावर दोघांनी मिळून वसमतला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, दोन खुर्च्या आणि भिंतीवर गणपती.

मोंढ्यातल्या आडत्यांसाठी आम्ही हळदीचा प्रोग्राम लिहिला. पोत्याचं वजन टाका, भाव टाका, शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी छापून हातात.

कुणाकडे विंडोज ९८, कुणाकडे आम्हीच घालून दिलेलं फुकटातलं लिनक्स. म्हणून प्रेमदासनं एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, शोधून काढली. बटणं, मेनू, खिडक्या सगळं तयार, आणि एकच कोड दोन्हीकडे चालणार.

पहिल्यांदा दोन्हीकडे सेम स्क्रीन उघडली तेव्हा गडी खुर्चीवर उभा राहून नाचला होता!

वजनाची आणि पट्टीची स्क्रीन माझी. बाकी सगळं त्याचं.

सुरुवातीला मी एक उद्योग केला. घरून फ्लॉपीवर जुनी फाईल आणली आणि त्याच्या आठवडाभराच्या कामावर कॉपी मारली. सगळं साफ.

असा भांडला म्हणता! मग फाट्यावर चहा पाजला तेव्हा कुठं शांत झाला. तिथंच नेम ठरला.

"ज्याची फाईल त्यानंच उघडायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. कबूल?"

"कबूल."

मग मला पुण्यात नोकरी लागली. मी गेलो. तो राहिला.

"जा की लेका, काहून रडून राहिला? दुकान कुठं पळून चाललं का?" एसटीच्या खिडकीतून बॅग आत देताना म्हणाला. रडत तोच होता.

पुढं लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलं. माझ्या स्क्रीनमधल्या बऱ्याच गोष्टी त्यात जुन्या ठरल्या. पण लायब्ररीच्या सेटिंगच्या फाईलीत एक ओळ असायची. मागच्या व्हर्जनचं ठेवायचं का? एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. पहिल्या वेळी ती आपोआपच एक होती. माझं काम चालून गेलं.

त्याच्या पुढच्या व्हर्जनला ती ओळ शून्य होऊन आली. आपल्या हातानं एक करायची आणि अख्खी लायब्ररी पुन्हा बिल्ड करायची, म्हणजे कोडपासून नव्यानं तयार करायची. त्या मशीनवर त्याला सगळी दुपार जायची. त्यात लाईट गेली की बसा बोंबलत.

फोन आला. "दत्ता, तुझी ओळ एक करून ठेवली बघ. पण पुढच्या व्हर्जनला ती ओळच काढून टाकनार हायत म्हने. त्याच्या आत ये. दोन दिवसाचं काम हाय."

"दिवाळीला येतो ना."

दिवाळीला गेलोही. दुकानात बसलो, चहा प्यालो. त्यानं माझी खुर्ची पुसून ठेवली होती. मशीन चालू केलं, माझी फाईल उघडायला कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

मी घड्याळ बघितलं. सासरची मंडळी गाडीत बसली होती, सिद्धेश्वरचं धरण बघायला जायचं होतं.

"तूच कर ना बे. परवानगी दिली तुला."

"न्हाई गड्या. तुझ्या फाईलीला मी काहून हात लावू? नेम हाय ना आपला."

मी हसलो. अजून तेच धरून बसलाय येडं, असं वाटलं.

पुढच्या व्हर्जनमधून ती ओळ खरंच गेली. माझ्या स्क्रीनपायी आमचा प्रोग्राम जुन्याच व्हर्जनवर राहिला. आडत्यांनी नवीन मशीनं घेतली, त्यांच्यावर आमचा प्रोग्राम नीट चालेना. एकेक गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. फोनवर तो एवढंच म्हणायचा, "चाललंय की. तू कवा येतो?"

मी गेलो ते त्याच्या दिवसकार्याला.

जेवणं उरकल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दुकानाकडं एकदा बघून घ्या. त्यांनी सगळं नव्यात करून ठेवलं होतं. तुमचं तेवढं सोडून."

जाऊन बघितलं. खरंच, त्याच्या सगळ्या स्क्रीन नव्या व्हर्जनला तयार. माझ्या दोनसाठी सगळं अडलेलं. त्याला न येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मला लागेल त्याच्या निम्म्या वेळात त्यानं केलं असतं.

मी बसलो. माझी फाईल उघडली. जुनं काढलं, नवीन घातलं. जुन्या व्हर्जनच्या सेटिंगमधली, त्यानं एक करून ठेवलेली ओळ शून्य केली आणि बिल्ड लावलं.

एकही एरर आला नाही.

चहा घेऊन वहिनी आल्या तेव्हा मी नुसता स्क्रीनकडं बघत बसलो होतो.

"झालं का?"

"झालं."

"एवढ्यात? ते तर दोन दिवस लागतेत म्हनायचे. दत्ता आला की दोन दिवस ऱ्हाईल म्हनून तुमच्यासाठी गादी शिवून घेतली होती त्यांनी."

एका दुपारचं काम होतं. हे त्याला माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

प्रेम्या, भावपूर्ण बिवपूर्ण मला लिहवत नाही. त्या गादीवर एक रात्र झोपलो रे, तू नसताना. माफ कर गड्या.