दसऱ्याच्या दिवसाचा आकडा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, मुलगा नेमकं करतो काय? आई ठसक्यात म्हणाली, "हवा मोजतो." मामा थोडा वेळ छताकडे बघत बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि नोकरी?"

हा किस्सा मी माझ्या प्रत्येक सत्कारात सांगितलाय. मामांचा आवाज काढून, मान वर करून. लोक हमखास हसतात. सत्कार पुष्कळ झाले. दादरच्या घरात कपाटाचा एक अख्खा कप्पा शालींनी अडवलाय, आणि जिच्यावर आयुष्यभर निबंध वाचले ती हवा खिडकीबाहेर होती तशीच आहे. शाल अंगावर पडली की हल्ली आधी खुर्ची शोधावीशी वाटते.

पुढचा किस्सा मात्र मी कुठल्याच सभेत सांगितलेला नाही.

डिलाईल रोडच्या एका चाळीत माझा शाळेतला मित्र राहतो. त्याचा फोन आला. शेजारच्या दोन चाळी पाडायचं काम चालू होतं. धूळ अडवायला पडदे नाहीत, पाण्याचा फवारा नाही. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, दमा. तिसरी चाळ त्यांच्या गॅलरीच्या अगदी समोरची, आणि महिन्या-दीड महिन्यात तिची पाळी होती.

"एवढा मोठा सायंटिस्ट ना तू? पेपरात फोटो येतो. मग ये की आमच्याकडे, मोज हवा," तो म्हणाला. तक्रारी ऐकणाऱ्या समितीने त्याला सांगितलं होतं, धूळ आहे हे आकड्यांनी दाखवा, मग ठेकेदाराला पडदे आणि पाणी सक्तीचं करू. त्याशिवाय तिसऱ्या चाळीला हात लावू देणार नाही.

मी गेलो. जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काकूंच्या दारासमोर गॅलरीत स्टुलावर ठेवलं. ते हवा आत ओढतं आणि तिच्यातली बारीक धूळ मिनिटामिनिटाला मोजून ठेवतं. काकूंना म्हटलं, तुमच्या भरवशावर सोडून जातोय. त्या मालवणच्या. भरवसा टाकला की अंगावर घेणाऱ्या. महिनाभर त्यांनी त्या डब्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. शेजारणीने त्याच्यावर टॉवेल वाळत टाकला, तर तिच्याशी चार दिवस अबोला धरला.

महिन्याने मी आकडे काढून आलेख केला. काय सांगू, देखणा आला! रोज सकाळी काम सुरू झालं की चढायचा, जेवणाच्या सुट्टीत बसायचा, पुन्हा चढायचा. आणि मध्ये एक दिवस असा उसळलेला, की कागद पुरेना. मी तो दिवस लाल रंगवला. भाषणसुद्धा त्याच्यावरच बसवलं. आरशासमोर तालीम केली, हात कुठे उचलायचा तेही ठरवलं.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी आलेख दाखवायला चाळीत गेलो. काकूंनी चष्मा लावला आणि लाल सुळक्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कुठलो दिवस रे?"

मी तारीख सांगितली. त्यांचा चेहरा खुलला.

"दसरो मरे तो! तुझ्या मशिनीची पूजा केलंय मी त्या दिवशी. झेंडूचो हार घातलंय, हळद-कुंकू लावलंय. धूप तर असो घातलंय, तुका सांगतंय, गॅलरीत कोण दिसत नव्हता!"

मी स्टुलावर बसणार होतो, पण तिथे यंत्र होतं.

चूक त्यांची नव्हती. दसऱ्याला त्या घरात कात्रीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना फूल मिळतं. सुनेच्या लॅपटॉपला मिळतं. पाहुणं आलेलं यंत्र उपाशी कसं ठेवणार? चूक माझी. दसऱ्याला पाडकाम बंद असतं हे मला कळायला हवं होतं. पण आकडा इतका मनासारखा होता, की तारीख बघायचं सुचलंच नाही.

"माका काय म्हायत, तेका धूर सोसणा नाय ता," काकू बारीक आवाजात म्हणाल्या.

"गप गो आई," मित्र म्हणाला. मग मला, "तूही गप राहा. कोणाला कळतंय?"

"ठेकेदाराला कळेल. त्या दिवशी त्याची माणसं सुट्टीवर होती."

"मग तो दिवस खोडून टाक गुपचूप."

"खोडला तर का खोडला ते सांगावं लागतं रे."

"तुला सांगावं लागतं. खोकते ती माझी आई."

मी आलेखाची गुंडाळी केली.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मी उभा राहिलो आणि तालीम केलेलं सगळं सोडून आधी धुपाचं सांगितलं. तो दिवस वगळूनही धूळ भरपूर आहे, हे दोनदा सांगितलं. समितीचे साहेब हसले. ठेकेदाराचा माणूस तर पोट धरून हसला. इतका मनमोकळा हशा मला सत्कारातही मिळाला नव्हता. मग साहेब म्हणाले, "डॉक्टर, एका दिवशी पूजा, मग बाकीच्या दिवशी तिथे आणखी काय काय चालत असेल? पंधरा दिवस पुन्हा मोजा. या वेळी स्वतः हजर राहून."

"आणि तोवर तिसरी चाळ?" मित्राने विचारलं.

"पुरावा आल्याशिवाय काम कसं थांबवणार?"

मित्र माझ्यापुढे भराभर जिना उतरला. खाली आल्यावर फक्त म्हणाला, "सकाळी नऊला चालू करतात. उशीर करू नको."

मी रजा टाकली आणि पावणेनऊला गॅलरीत हजर झालो. काकूंनी यंत्राच्या शेजारी माझी खुर्ची मांडली होती आणि देवाची उदबत्ती दार लावून आतल्या खोलीत, मोरीजवळ नेली होती. नऊला समोरच्या, तिसऱ्या चाळीच्या वरच्या मजल्यावर पहिली भिंत बसली. पडदा नव्हताच. पांढरा लोट रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे आला. यंत्रावरचा आकडा चढायला लागला. चढत गेला. दसऱ्याच्या सुळक्याच्याही वर गेला, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छान वाटलं.

मागे काकूंना खोकल्याची उबळ आली होती. दाराची चौकट धरून त्या वाकल्या. मी उठून पाणी दिलं. श्वास जरा जागेवर आल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि यंत्राकडे बोट केलं.

"आकडो बरो इलो मां?"

"बरो इलो, काकू," मी म्हटलं.