क्लचवरचा पाय

भूकंपानंतर काही वर्षं मी किल्लारीहून लातूरला शिकवणीची पोरं जीपने नेत असे. एका वर्षात तिसऱ्यांदा क्लच घसरायला लागला. इंजिन नुसतं ओरडायचं, चढावर जीप काही ओढायची नाही. कुणीतरी निलंगा रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याचं नाव मी विचारलं नाही.

दुकान चांगलं स्लॅबचं होतं, पण तो बाहेर लिंबाखाली काम करत होता. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. माझ्या शेजारी बसला, म्हणाला, "एक चक्कर मारा." सगळी चक्कर त्याची नजर माझ्या डाव्या पायावर होती. उतरल्यावर म्हणाला, "डावी चप्पल दावा."

टाच शाबूत होती, पुढचा तळ झिजून कागद झाला होता.

"प्लेटचा कसूर न्हाई, भाऊ. तुमचा पाय क्लचवरून उठतच न्हाई. पेडल जरा दाबलेलं राहिलं तरी प्लेट घसरती अन् जळती."

"चाचा, भूकंपापासून सवय लागली," मी खरं ते सांगितलं. "वाटतं, कधीबी पळावं लागंल."

त्याने चप्पल माझ्यापुढे सरळ करून ठेवली. "पाय उचला, भाऊ. जमीन आता गप हाय."

नवी प्लेट बसेपर्यंत पाऊस लागला. त्याची टोपी, खुर्ची, पाने-पकडी, सगळं भिजू लागलं.

"चाचा, आत बसा की," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. एकदा स्लॅबकडे पाहिलं, आणि खुर्ची लिंबाच्या बुंध्याशी सरकवली.