सासऱ्यांच्या शोरूममध्ये माझं पार्सल

माझे सासरे मोटारसायकली विकतात, म्हणून मी मोटारसायकल ऑनलाइन मागवली.

यात विनोद नाही. सासऱ्यांकडून गाडी घेणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. किंमत कमी करा म्हणता येत नाही, रंग बदलून मागता येत नाही आणि गाडी बंद पडली तर चूक आपलीच! शिवाय माझे सासरे नुसते सासरे नाहीत, आईचे सख्खे भाऊही आहेत. आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत. त्यामुळं मामा चिडले की बायकोचं माहेर आणि माझं आजोळ एकाच दिवशी बंद!

मामांचं शोरूम मुरुमला. मी सास्तूरला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. एकेकाळी दसऱ्याला या शोरूममध्ये गाडीला हार घालायला नंबर लागायचा. आता तिथं तीन गाड्या उरल्यात आणि बाकी जागेत पार्सलं. मोठी पार्सलं आमच्या खेड्यांपर्यंत येत नाहीत, म्हणून आसपासची दहा गावं बिनदिक्कत मामांच्या शोरूमचा पत्ता टाकतात. मिक्सर, कपाटं, फवारणीचे पंप, सगळं मामांच्या दारात उतरतं. मामा ते सांभाळतातही. म्हणतात, "पार्सल न्यायला आलेला माणूस गाडीकडं एकदा तरी बघतोय की!" बघतो ना. गाडीवर बसतो, ॲव्हरेज विचारतो, मामांचा चहा पितो आणि घरी जाऊन मोबाइलवर गाडी मागवतो. (मी तर दोन चहा प्यायलो होतो.)

दसऱ्याच्या सकाळी सुनीता, म्हणजे माझी बायको, केसात गजरा माळता माळता थांबली. (मामांना ती अण्णा म्हणते.)

"अण्णांचा फोन होता. म्हणले, आज एक बी गाडी गेली न्हाय तर उद्यापासून शटर खाली. कायमचं."

मी काहीतरी धीराचं बोलणार, एवढ्यात माझा मोबाइल वाजला. 'अभिनंदन! आपली मोटारसायकल आज पोहोचेल.' खाली पत्ता. मुरुम. मामांचं शोरूम!

दोन वर्षं सगळी पार्सलं तिथंच मागवल्यामुळं ॲपनं तोच पत्ता धरून ठेवला होता. आणि 'पेपर देण्याआधी एकदा वाचून बघा रे' असं पोरांना वर्षभर बजावणाऱ्या मी न वाचता बटण दाबलं होतं. अंगणात जाऊन ऑर्डर रद्द करायला गेलो, तर 'माल रवाना झाला आहे.' टेम्पोवाल्याला फोन लावला.

"दादा, मी शाळेतला गुरुजी बोलतोय. गाडी सास्तूरला आणा ना!"

"पत्ता मुरुमचा हाय."

"तो चुकून पडलाय हो!"

"चुकून कसा? शोरूम लिवलंय. मोटारसायकल शोरूमलाच जाणार की! तुमी काळजी करू नका गुरुजी, बरोबर पोचवतो."

इतका प्रामाणिक माणूस मला नेमका त्याच दिवशी भेटायचा होता! जुन्या गाडीवर सुनीताला बसवलं आणि मुरुमची वाट धरली. "अहो, एवढं काय पळवताय? सोनं संध्याकाळी वाटायचंय!" ती मागून ओरडत होती.

शोरूममध्ये तिन्ही गाड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. काउंटरवर झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली ठेवायची लिंबं आणि पेढे. मामा नवा शर्ट घालून दाराकडं बघत बसलेले. "पहिल्या गिऱ्हाइकाचा हाय," हाराकडं बोट दाखवत ते म्हणाले. अकरा वाजले, बारा वाजले. एक बाई आली, मिक्सर घेऊन गेली. मग शेजारच्या गावचे एक पाटील फवारणीचा पंप न्यायला आले आणि लाल गाडीपाशी थबकले. गाडीवर बसले. उतरले. फोटो काढला. परत बसले! मामा श्वास रोखून शेजारी उभे. माझा एक डोळा पाटलांवर आणि दुसरा मोबाइलच्या नकाशावर. टेम्पोनं नळदुर्ग सोडलं होतं. आई तुळजाभवानी, तेवढा टेम्पो पंक्चर कर, खणानारळानं तुझी ओटी भरतो!

"घरी विचारून बघतो," पाटील म्हणाले आणि पंप उचलला. काउंटरवरचा हार मामांनी उगाचच सरळ केला. त्यांच्या हाताकडं मला बघवेना. मला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली.

आणि तेवढ्यात टेम्पो आला.

मी धावत रस्त्यावर गेलो आणि दोन्ही हात हलवून 'जा, पुढं जा!' अशा खुणा करू लागलो. टेम्पोवाल्याला वाटलं, मी गाडी मागं घ्यायला मदत करतोय. त्यानं झोकात टेम्पो वळवला आणि पाठीमागून थेट शोरूमच्या दाराला आणून लावला. वर मला म्हणतो कसा, "बरं झालं गुरुजी, तुमी हात केला!"

माणसाएवढं खोकं खाली उतरलं. पाटीलसुद्धा पंप खाली ठेवून बघायला थांबले.

"ह्ये कुणाचं रं?" मामांनी विचारलं.

"सास्तूरच्या गुरुजींचं. ओटीपी सांगा!"

खिशात माझा मोबाइल टुंग करून वाजला. सगळं शोरूम माझ्या खिशाकडं बघू लागलं.

"अहो, ह्ये कधी केलंत?" सुनीतानं एवढंच विचारलं. मामांनी खोक्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाले, "तुमची हाय व्हय, गुरुजी?"

लहानपणापासून मला 'संजू' म्हणणारे मामा मला 'तुम्ही' म्हणाले! याच्यापेक्षा एक थोबाडीत परवडली असती.

खोकं उघडलं. हँडल वेगळं, आरसे पिशवीत, वायरी लोंबकळत. "जुळणी ग्राहकानं करायची. व्हिडिओ बघून," असं सांगून टेम्पोवाला पसार झाला. मी व्हिडिओ लावला आणि घाम पुसत आरसा बसवला. त्यात मागच्या रस्त्याऐवजी मला माझंच तोंड दिसलं. आता रस्त्यावरची माणसंही आत शिरली होती.

"सरका," मामा म्हणाले. नव्या शर्टाच्या बाह्या वर करून त्यांनी पाना घेतला आणि अर्ध्या तासात गाडी उभी केली. शेवटी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. गाडी ढिम्म! बॅटरीवरची गाडी आणि बॅटरी रिकामी. मी खोक्यात डोकं घालून चार्जर शोधला, तर एक चिठ्ठी सापडली. मामांनी ती मोठ्यानं वाचली.

"'चार्जर आठ दिवसांत स्वतंत्रपणे पाठवण्यात येईल.'"

असा हशा पिकला, की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली! फक्त पाटील हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्या गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि हातातला मोबाइल खिशात टाकला.

"मामा, ती लाल काढा. आत्ता!"

मामांनी लाल गाडीला हार घातला, नारळ फोडला. पेढा माझ्या तोंडात कोंबून ते म्हणाले, "संजू, तुझी गाडी ऱ्हाऊ दे हितंच."

तेव्हापासून ती शोरूमच्या दारात उभी आहे. शटर अजून वर आहे, दिवाळीला नव्या मागवलेल्या चार गाड्याही गेल्या. चार्जर कधीच आलाय, पण मामा गाडी सोडत नाहीत. उलट दर रविवारी मला बोलावून घेतात आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसवतात. म्हणतात, नुसत्या गाडीनं गिऱ्हाइकाला पटत नाही!