चूल एकच आहे

सुलभाबाई राहायच्या ती खोली होती की घर होतं, यावर एक आख्खं गाव वर्षभर वाद घालत बसलं होतं. गाव अमेरिकेतलं, ॲरिझोनातलं, चँडलरच्या जरा पलीकडचं. नाव सांगत नाही, सांगून काही उजेड पडणार नाही. चिपच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं तिथे राहतात, उन्हाळ्यात अनवाणी अंगणात पाऊल टाकवत नाही, आणि घरामागच्या छोट्या घराला तिथे कसिटा म्हणतात. सुलभाबाई मात्र कधी कसिटा म्हणाल्या नाहीत. त्या 'मागची खोली' म्हणायच्या. मागची खोली म्हटलं की ती घरातलीच वाटते.

बाई नागपूरच्या. वीज मंडळात नोकरी झालेली, नवरा पुरुषोत्तमराव वारलेले, आणि एकुलता एक मुलगा सत्यजित इकडे इंजिनिअर. "आई, तिथे एकटी काय करतेस?" असं तो वर्षानुवर्षं विचारत राहिला. शेवटी बाईंनी फ्लॅट विकला, भांडीकुंडी धाकट्या बहिणीला, सरलाला, देऊन टाकली आणि निघाल्या. परतीचे दोर कापूनच आल्या म्हणा ना.

सून यामिनी वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सून म्हटलं की आपल्या लोकांचे कान लगेच टवकारतात. ती पुण्याची, काम घरूनच करायची, दिवसभर कॅमेऱ्यापुढे मीटिंगा. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली मिळून एकच मोठा हॉल, मध्ये भिंत म्हणून नाही. त्या हॉलच्या एका टोकाला सासूबाईंनी भिवापुरी मिरचीची फोडणी दिली की दुसऱ्या टोकाला यामिनीला मीटिंगमध्ये ठसका लागायचा. सोफ्याला वास बसायचा. नात आन्या नाक धरून म्हणायची, "आजी, इट स्मेल्स." कोणी कोणाला टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसती भांडी जरा जोरात ठेवली जायला लागली.

मग एके दिवशी यामिनीच म्हणाली, "आपण आईंना मागच्या खोलीत स्टोव्ह लावून देऊ. त्यांच्या टायमिंगने, त्यांच्या आवडीचं करता येईल."

"ग्रेट आयडिया," सत्यजित म्हणाला.

वेगळी चूल म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. घरं फुटतात तेव्हा भिंत मागाहून येते, आधी चूल वेगळी होते. बाईंनी स्वतः सासूचं अंथरुणातलं दुखणं काढलं होतं, पण तिचं ताट कधी वेगळं वाढलं नव्हतं. आणि आता त्यांच्याच पोटच्या मुलानं त्यांना चूल मांडून दिली, तीही हसत हसत, कौतुकानं. त्याला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी बाईंना घास गेला नाही.

पण गंमत बघा. स्टोव्ह आला, आणि बाईंना तो आवडायला लागला. उठल्या उठल्या आपला आल्याचा चहा, कोणाच्या मीटिंगची वेळ बघायला नको. मनात आलं की गोळाभात, मनात आलं की ठेचा. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. शनिवारी सकाळी पाटोडीचा वास सुटला की सत्यजित मागच्या दारानं यायचा, ताटली हातात घेऊन उभ्या उभ्याच खायचा, शाळेत असताना खायचा तसा. खाता खाता बोलायचा. ऑफिसातलं, आन्याचं, कधी बाबांचं. मोठ्या घरात एका टेबलावर बसून जो मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हता, तो वेगळ्या चुलीपाशी मात्र आईला परत मिळाला. बाईंना स्वतःचंच हसू यायचं. ज्या गोष्टीसाठी रडलो तीच पावली.

फक्त हे कोणाला सांगायची सोय नव्हती. फोनवर सरलानं विचारलं की बाई ठोकून द्यायच्या, "आम्ही सगळे एकत्रच जेवतो गं."

हे सुख बाईंच्या ठेच्यानंच घालवलं. एक दिवस मिरच्या भाजायला टाकल्या आणि वारा नेमका कुंपणापलीकडे वळला. पलीकडच्या बाई खोकून बेजार. कोणीतरी विषारी वायू सोडला असं समजून त्यांनी फोन केला, आणि भलामोठा लाल बंब दारात. बंबवाले तवा बघून हसले, निघून गेले. पण पाठोपाठ गावच्या बांधकाम खात्याचा माणूस आला, तो हसणाऱ्यातला नव्हता. त्याचा नियम असा, की मागच्या खोलीत पलंग चालेल, न्हाणीघर चालेल, मायक्रोवेव्हसुद्धा चालेल. स्टोव्ह लावला की मात्र ते दुसरं घर होतं, आणि एका प्लॉटवर दुसरं घर त्या गावात चालत नाही.

"म्हणजे यांच्यातही चूल वेगळी झाली की घर वेगळं होतं," सुलभाबाई म्हणाल्या. सत्यजितला हसू आलं नाही. त्यानं त्याच दिवशी वायर सोडवून स्टोव्ह गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. तो केव्हाच अमेरिकेचा नागरिक झालेला, पण व्हिसावर काढलेल्या वर्षांची भीती काही अंगातून गेली नव्हती. कोणी गणवेशातला माणूस दिसला की याचा चेहरा उतरायचा.

"अरे, निदान साधी इंडक्शनची शेगडी तरी," बाई म्हणाल्या.

"नको आई. रिस्क नको."

मग डबा सुरू झाला. यामिनी डबा भरायची आणि मीटिंगची घाई असली की मागच्या खोलीच्या पायरीवर ठेवून जायची. डबा चांगला असायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण पायरीवरून डबा उचलताना बाईंना रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि शनिवारी सत्यजित येईनासा झाला. येणार कशाला? मुलं मोठी झाली की त्यांना आईकडे यायला काहीतरी कारण लागतं. 'सहज' म्हणून येणं त्यांना जमत नाही, आणि बाईंकडे आता दुसरं कारण नव्हतं.

अशात बातमी आली की गाव नियम बदलणार. दोन गोष्टी एकदम निघाल्या होत्या. एक, मागच्या घरांना स्टोव्हसकट, स्वयंपाकघरासकट परवानगी द्यायची. दुसरी, मोबाइल कंपन्यांना रस्त्याकडेला छोट्या अँटेनांचे खांब उभारू द्यायचे, पण कोणाच्या राहत्या घरापासून अमुक अंतर सोडूनच. दोन्हींवर एकाच संध्याकाळी सुनावणी, ज्याला बोलायचं त्यानं येऊन बोलावं.

मराठी मंडळात या प्रकरणाचा झेंडा वैदेहीनं उचलला. तिची आई नाशिकला एकटी, गुडघ्यांनी अधू, आणि भयंकर सोवळ्यातली. 'दुसऱ्याच्या चुलीवरचं खाणार नाही, माझं मी करीन, तरच येते,' असा म्हातारीचा हट्ट. वैदेही सुलभाबाईंकडे आली. "काकू, तुम्हीच बोला. आम्ही कितीही बोललो तरी ते आम्हाला भाड्याने द्यायला घर बांधणारे समजणार. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की मला माझं वेगळं किचन हवंय. बास."

"एवढंच ना? सांगते की," बाई म्हणाल्या. आठवडाभर आरशासमोर उभं राहून त्यांनी ते इंग्रजी वाक्य घोटलं. आय नीड माय ओन किचन. त्यांना ते हवंच होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं. बहुतेक लोक खांबांवर चिडून आलेले. मागच्या दोन रांगांत आपली मंडळी, ठेवणीतले कपडे घालून, जणू लग्नालाच आलीत. सत्यजित आणि यामिनी त्यांच्यातच बसले होते. सुलभाबाई हिरवी करवती काठाची साडी नेसून माइकपाशी गेल्या आणि छान बोलल्या. सगळं आयुष्य स्वतः रांधून खाल्लं, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काम हवं, आय नीड माय ओन किचन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच वळून परत आल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

समोर बसलेल्या गावच्या कौन्सिलच्या सभासदांत एक वयस्क गृहस्थ होते, मऊ बोलणारे. त्यांनी विचारलं, "बाई, मला एवढंच समजून घ्यायचंय. मुलाच्या घरात स्वयंपाकघर आहेच. मग तुम्ही मुलापासून वेगळ्या राहता का? तुमचा संसार वेगळा आहे?"

त्यांचा शब्द होता 'सेपरेट हाउसहोल्ड'. त्यांच्या दृष्टीनं तो नियमाच्या पुस्तकातला कोरडा शब्द. पण बाईंच्या कानात त्याचं मराठी झालं, आणि ते मराठी फार वाईट होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. आख्खं मंडळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. यामिनीनं मान खाली घातली होती. सत्यजित आईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, गणवेशातला माणूस बघितल्यावर यायची ती. वर सभेचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. 'हो, वेगळी आहे' असं म्हणायचं म्हणजे काय? चार लोकांत मुलाच्या तोंडाला काळं फासायचं. सांगायचं, की माझ्या मुलानं मला वेगळं काढलं.

"नो सर," सुलभाबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "नॉट सेपरेट. वन फॅमिली, वन किचन. वुई ऑल ईट टुगेदर."

मागे कोणीतरी कळवळून "अगं बाई" म्हणालं. ती वैदेही होती.

गृहस्थ हसले, आभार मानले, आणि मतदानाच्या वेळी म्हणाले, की या मातोश्रींनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. खरं कुटुंब असेल तर एक स्वयंपाकघर पुरतं. ज्याला दुसरं हवं त्याला भाडेकरू हवेत. त्यांना तेच करायचं असेल कदाचित, देव जाणे. फक्त एक निमित्त हवं होतं, ते बाईंनी आयतं ताटात वाढून दिलं. मागच्या खोल्यांना मंजुरी मिळाली, स्वयंपाकघराचं कलम गाळलं. खांबांचा नियम तसाच्या तसा मंजूर झाला.

पार्किंगमध्ये वैदेही भेटली. तिचे डोळे भरले होते. "काकू, माझी आई आता येत नाही," एवढंच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. पुढे मंडळाच्या कार्यक्रमांत ती बाईंना लांबूनच हात करायची. बाकीच्यांनी हातही केला नाही.

घरी येताना गाडीत सत्यजित म्हणाला, "आई, एक वाक्य बोलायचं होतं गं. का असं केलंस?"

"मग काय सांगायचं होतं? मुलानं चूल वेगळी मांडून दिली, ती काढून नेली, आता परत द्या?"

"तो फक्त एक स्टोव्ह आहे, आई."

"तुला स्टोव्ह वाटला ना, तिथेच सगळं आलं."

यामिनी खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचल्यावर सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "तुम्ही माझं नाव राखलंत. उद्यापासून आपण खरंच एकत्र जेवू." तिच्या मनात होतं, तोंडदेखलं नव्हतं. काही दिवस जेवलेही. मग तिच्या मीटिंगची वेळ बदलली, आन्याचं पोहणं सुरू झालं, सत्यजितची शिफ्ट बदलली, आणि डबा पुन्हा पायरीवर आला. त्यात दोष कोणाला द्यायचा?

उन्हाळा सरल्यावर मागच्या गल्लीत खांब उभा राहिला, बाईंच्या खिडकीला लागून. सत्यजितनं तक्रार केली. उत्तर आलं, अंतर राहत्या घरापासून मोजायचं असतं आणि तुमचं घर पुरेसं लांब आहे. मागच्या खोलीचं काय, म्हटलं, तर तिथे स्वयंपाकघर नाही, म्हणजे ते कोणाचं राहतं घर नाही. कागदावर त्या खिडकीमागे कोणी राहतच नव्हतं. खांबावरच्या पेटीतला पंखा दिवसभर घरघरत राहतो. बाईंनी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला, तरी ऐकू येतंच.

एका शनिवारी सकाळी सरलाचा फोन आला. सुनावणीचा व्हिडिओ फिरत फिरत नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचला होता.

"ताई, काय बोललीस गं," सरला म्हणाली. "ऊर भरून आला. इथे घराघरांत चुली वेगळ्या व्हायला लागल्यात, आणि तू परक्या मुलखात ठणकावून सांगितलंस, चूल एकच आहे म्हणून. मी माझ्या सुनेला मुद्दाम दाखवला. नशीब काढलंस हो."

"हं," सुलभाबाई म्हणाल्या.

"आणि हा आवाज कसला येतोय? पंखा का?"

"पंखाच."

"बरं, आज काय केलंस?"

पायरीवरून आणलेला डबा टेबलावर होता, झाकण अजून काढलेलं नव्हतं. अंगणापलीकडे मोठ्या घराच्या काचेतून सत्यजित दिसत होता. मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या उभ्या काहीतरी खात होता.

"पाटोडी केली," सुलभाबाई म्हणाल्या. "सत्यजित आत्ताच खाऊन गेला."