तरवडाची झोपमोड

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास कधी ठेवला नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, नवस-उतारे नाहीत. त्यात मी लातूरला बी.एस्सी.ला, घरातली कॉलेज पाहणारी पहिलीच. त्यामुळे हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं...

प्रॅक्टिकलसाठी हर्बेरियम द्यायचं होतं. म्हणजे रोपाची फांदी दाबून, वाळवून शीटवर चिकटवायची, खाली नाव, ठिकाण, कोणी आणली ते लिहायचं. मी तरवड निवडला. जुन्या किल्लारीत, भूकंपात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर त्याची झुडपं दाट माजलीत, पिवळ्याधमक फुलांची. मायचं माहेर तिथलंच. तिचा धाकटा भाऊ त्या पहाटे झोपेतच गेला.

माय आणि मी, दोघी गेलो, पण जीप उशिरा मिळाली. पोचेपर्यंत दिवस मावळला. तरवडाची पानं तेव्हा जोडी-जोडीने मिटतात. मी फांदीला हात घातला तशी माय म्हणाली,

"नको तोडू. झोपलंय ते."

"माय, देवाधर्माचं मानत नाहीस अन् हे बरं मानतीस!"

"देवाचं न्हाई गं हे. झोपलेल्याला उठवू न्हाई, इतकंच."

"सोमवारी सरांना दाखवायचंय."

"मंग तोड. तुझ्या सरांना झोप न्हाई वाटतं!"

दोघी हसलो. मी तोडली. मिटलेली पानं शीटवर चालत नाहीत, म्हणून वर्तमानपत्रात ठेवताना एकेक पान बोटांनी उघडलं. माय हसायची थांबली.

"त्याचे डोळे उघडून राहिलीस, पोरी."

त्या दिवसापासून मायची झोप गेली. पापणीला पापणी लागेना. गोळ्या झाल्या, काढे झाले... शेवटी रानात खुरपताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर जिवावर बेतेल. घरी आम्ही दोघीच आहोत.

परीक्षा झाल्यावर मी सरांकडून शीट मागून घेतलं. फांदी होती तिथेच परत निजवायची होती. जुन्या किल्लारीत त्याच झुडपाखाली खड्डा केला. माझी मलाच लाज वाटत होती. दिवस मावळत होता. माती लोटण्याआधी शीटकडे पाहिलं — आणि चिकटवलेली, पापडासारखी वाळलेली ती पानं जोडी-जोडीने मिटत होती. एकही तुटलं नाही.

घरी आले तर माय झोपली होती. चुलीपुढे, हाताला पीठ तसंच. मी तिच्या उशाशी बसून आनंदाने रडले.

आता ती रोज झोपते. दिवस मावळला की असेल तिथे, तळव्याला तळवा लावून. हलवलं, पाणी मारलं, तरी उठत नाही. सकाळी ऊन अंगावर आलं की डोळे उघडते.

सरांना एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, वाळलेलं पान मिटतं का? "मेलेलं पान हलत नाही," ते म्हणाले. मलाही तेच शिकवलंय. मग मी पाहिलं ते काय, मला खरंच माहीत नाही...

सुट्टीत घरी आहे. लिहिता लिहिता ऊन भिंतीवरून उतरलंय, आणि माय भाकरी थापत बसलीय. आधी चूल विझवून येते.